पात्राच्या खिशात किती पैसे आहेत?

माझ्याकडे कथा घेऊन येणाऱ्या मुलामुलींना मी आधी एकच गोष्ट विचारते. तुझ्या पात्राकडे आत्ता किती पैसे आहेत? कुठे ठेवलेत? आणि पुढचे कधी हातात पडणार आहेत? बहुतेक जण गोंधळतात. नायकाच्या डोळ्यांतली उदासी त्यांना ठाऊक असते, त्याला पाऊस आवडतो हे ठाऊक असतं, लहानपणी वडिलांनी खूप मारलं होतं हेही ठरलेलं असतं. पण एसटी स्टँडवर उतरल्यावर तो रिक्षा करेल की सामान डोक्यावर घेऊन चालत सुटेल, हे विचारलं की वही बंद होते. मी म्हणते, घरी जा, हे ठरव आणि मग पुन्हा लिहायला बस. कथा कशी लिहावी याबद्दल मला मनापासून जे सांगायचं आहे, ते बरंचसं या प्रश्नातच आहे.

माझ्या नोकरीची वर्षं सोलापुरातल्या एका सहकारी बँकेच्या काउंटरमागे गेली आणि कथाही त्याच वर्षांत लिहून झाल्या. काउंटरवर बसलं की आधी हात दिसतात, चेहरा नंतर. यंत्रमागावरून थेट आलेल्या माणसाच्या मनगटावर सुताची तूस चिकटलेली असते. डाइंगमध्ये काम करणाऱ्याच्या नखांतला रंग रविवारीही निघत नाही. विड्या वळणाऱ्या बायकांचे अंगठे इतके झिजलेले असतात की अंगठ्याच्या मशीनवर ठसा उमटत नाही; बाई पदराला अंगठा पुसून पुन्हा ठेवते, पुन्हा पुसते, आणि मागची रांग कुरकुरायला लागते. या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पैसे काढायच्या स्लिपांनी. माणूस आधी हजार लिहितो. थांबतो. मग दुसरी स्लिप मागून घेतो आणि तिच्यावर आठशे लिहितो. त्या मागे ठेवलेल्या दोनशे रुपयांत त्याचा पुढचा आठवडा असतो, घरातलं कुणाचं तरी आजारपण असतं, एखादा नाकारलेला हट्ट असतो. लिहिणाऱ्याला हे दोनशे रुपये दिसले पाहिजेत.

सोनेतारणाचं टेबल माझ्या शेजारीच होतं. मंगळसूत्र तारण ठेवायला येणारी बाई सहसा ते गळ्यात घालून येत नाही. घरूनच काढून, रुमालात बांधून आणते. कितीजणींच्या गळ्यात त्या दिवशी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड असतं. सराफ दागिना कसोटीवर घासतो, तराजूत टाकतो आणि मग वजाबाकी सुरू होते. दोरा वजा, काळे मणी वजा, वाट्यांत भरलेली लाख वजा. एकूण वजन एक आणि कर्ज मिळतं ते उरलेल्या निव्वळ सोन्यावर. एकदा एक बाई सराफाला म्हणाली, “मणी सोडवून देता का? सोनं राहू द्या तुमच्याकडं, मणी मला द्या.” सराफानं दोरा कापून मणी कागदावर ओतले. ती तिथेच बाकावर बसली, पिशवीतून सुई-दोरा काढला आणि एक-एक मणी ओवत गेली. ओवून झाल्यावर माळ गळ्यात घातली, पदर असा ओढून घेतला की वाट्यांची जागा झाकली जावी, आणि माझ्या काउंटरच्या काचेत स्वतःला बघितलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग पैसे मोजून घेतले आणि गेली.

हळकुंड बांधून येणारीच्या घरी सगळ्यांना माहीत असतं. मणी परत मागणारीच्या घरी माहीत नसतं. सुई-दोरा पिशवीत घालूनच ती निघाली होती, म्हणजे हे सगळं आधीच ठरवून आली होती. घरात कुणाला कळू द्यायचं नाहीये, पैसे कुणासाठी, किती दिवसांत सोडवायचं ठरवलंय, आणि पदर सरकला तर काय होईल? कथा इथे उभी राहिली. ती रडली नाही. रडली असती तर माझ्या फारसं लक्षातही राहिलं नसतं. (पेठ, वय आणि इतर तपशील मी इथे बदलले आहेत. काउंटरवर बसणाऱ्याला लोक जे दाखवतात ते विश्वासानं दाखवतात. नवीन लिहिणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं: हिशेब खरा ठेवा, माणूस बदला. ज्याच्यावरून लिहिलं त्याच्या शेजाऱ्यानं कथा वाचली तरी बोट दाखवता येऊ नये, इतका बदला.)

आपल्याकडे कष्टकऱ्यांवर कथा लिहायची म्हटली की पहिल्याच पानावर ‘दारिद्र्य’ येतं. मग अठराविश्वे येतं, पाचवीला पुजलेलं येतं, फाटका पदर येतो, चुलीतला धूर येतो. लिहिणाऱ्याचं मन चांगलं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण ज्याच्याकडे पैसे कमी असतात तो दिवसभर ‘मी गरीब आहे’ असा विचार करत बसत नाही. तो विचार करतो तीनशे रुपयांचा. किराणावाल्याला दीडशे देऊन दीडशे पुढच्या आठवड्यावर ढकलता येतील का, याचा. तो विचार अतिशय हुशारीचा असतो, त्याला स्मरणशक्ती लागते, माणसं ओळखावी लागतात, कुणाला कोणत्या वेळी गाठायचं हे कळावं लागतं. ‘दारिद्र्य’ लिहिलं की ही सगळी हुशारी पुसली जाते आणि उरते ती फक्त कीव. तीनशे रुपये लिहिले की माणूस आपल्या बरोबरीचा होऊन समोर बसतो. म्हणून मी मुलांना सांगते, कथेतून ‘गरीब’, ‘गरिबी’, ‘बिचारा’ हे शब्द काढून टाका आणि त्या जागी आकडा लिहा. कथा कुठे कोसळते ते बघा. जिथे कोसळते तिथे तुम्हाला माणूस माहीत नव्हता.

सोलापूरच्या पूर्वभागात, म्हणजे यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या वस्तीत, राहणारी एक मुलगी अशीच एक कथा घेऊन आली होती. विषय आईचा. आई विड्या वळते, मुलीला शिकवते, खूप सोसते. भाषा चांगली होती, पण अख्ख्या कथेत काही घडत नव्हतं. आई फक्त सोसत होती. मी तिला म्हटलं, आपण दोघी मिळून हिशेब मांडू.

हजार विड्यांना अमुक इतकी मजुरी, हे ठरलेलं. हजारासाठी कारखान्यातून तेंदूचं पान आणि तंबाखू मोजून मिळतं. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं, कात्रीनं मापात कापायचं, मग तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचं. सकाळी माल घेऊन जायचं, तपासणारा बघणार आणि त्याला न पटलेल्या विड्या बाजूला काढणार. इथपर्यंत तिनं मला सांगितलं. मी विचारलं, पान खराब निघालं तर? ती म्हणाली, “मग हजार भरत नाहीत ना. भोकं असतात, फाटकं असतं. मग बाहेरून पान विकत आणायचं.” कुणाच्या पैशानं? “आईच्याच.”

म्हणजे कामाला बसण्याआधीच तिच्या मजुरीतून पैसे जायला सुरुवात झाली. ही गोष्ट त्या मुलीला जन्मापासून माहीत होती आणि तिच्या कथेत तिचा पत्ता नव्हता, कारण ती लिहिण्याजोगी आहे असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग आम्ही पुढे गेलो. कथेपुरतं धरू, मुलीची कॉलेजात सहाशे रुपये फी भरायची आहे, शनिवारपर्यंत. आज मंगळवार. आईचा आठवड्याचा हिशेब शनिवारीच होतो, पण संध्याकाळी. फीची खिडकी दुपारी बंद होते. म्हणजे पैसे आहेत, पण चार तास उशिरा आहेत. बघा, एवढ्यानं कथेला घड्याळ लागलं. आता आईपुढे काय काय वाटा आहेत? शेजारणीकडे मागणं. पण शेजारणीचे मागचे दोनशे अजून द्यायचे आहेत. भिशी. पण भिशी दोन महिन्यांपूर्वीच उचलली, जावेच्या बाळंतपणाला गेली. मुलाचा मोबाइल विकणं, पण बँकेत मजुरी जमा झाल्याचा मेसेज त्याच मोबाइलवर येतो. रोज दोनशे विड्या जास्त वळून शेजारणीच्या कामाच्या कार्डावर, तिच्या नावानं घालणं, म्हणजे तिच्याकडून रोख पैसे शुक्रवारी मिळतील. त्यासाठी पान लागेल, ते विकत आणावं लागेल. किंवा तंबाखू थोडा थोडा कमी भरून त्याच मालात विड्या वाढवणं. पण तपासणाऱ्याच्या बोटांना पातळ विडी लगेच कळते. आणि कळली तर तो फक्त तेवढीच बाजूला काढत नाही, अख्खं बंडल उलटतो.

त्यात सोलापूर. इथे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. गुरुवारी पाण्याचा दिवस निघाला की विड्यांचे दोन-तीन तास गेले, कारण पाणी भरायला घरात माणूस हवंच. हे बाहेरगावच्या वाचकाला माहीत नसतं आणि म्हणूनच त्याला धरून ठेवतं. सोलापुरातल्या कथेत पाणी कोणत्या दिवशी येतं हे लेखकाला माहीत नसेल, तर त्या कथेतली बाई कधी मोकळी आहे हे त्याला कसं कळणार?

आता आई काय करेल? मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई काही करणार नाही. कथेतली मुलगीच आईला सांगेल की फी चारशेच आहे.” आणि उरलेले दोनशे? “ते ती बघेल कुठून तरी.” मी तिला म्हटलं, ही तुझी कथा. पहिल्या खर्ड्यात फक्त आई सोसत होती. आता आई काय लपवते ते मुलीला माहीत आहे, मुलगी काय लपवते ते आईला कळेल की नाही माहीत नाही, आणि दोघी एकाच पाटीसमोर बसून विड्यांची तोंडं दुमडताहेत. एकमेकींवर किती जीव आहे हे सांगायला आता एक ओळही खर्ची घालावी लागणार नाही.

काही मुलं वाद घालतात. पैशापलीकडे माणूस नाही का, मन नाही का, प्रेम नाही का? आहे की. पण ते दाखवायला जागा लागते. सोलापूरच्या पार्क चौपाटीवर एक मुलगा मुलीला घेऊन येतो. एकच प्लेट मागवतो आणि म्हणतो, मी घरून खाऊन आलोय, तू खा. ती अर्धी प्लेट त्याच्याकडे सरकवते आणि म्हणते, मला तिखट जमत नाही. सोलापूरच्या मुलीला तिखट जमत नाही! दोघंही खोटं बोलताहेत आणि दोघांनाही कळलंय. खिशात दोन प्लेटचे पैसे असते तर हा प्रसंग झालाच नसता. आणि पैसेवाल्या माणसावर लिहितानाही प्रश्न तोच लावायचा. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याचं कशावर लक्ष जात नाही ते बघायचं. तो भाव विचारत नाही, सुट्टे परत घेत नाही, कुणाच्या तरी घरी जेवायला गेला तर आपल्यासाठी काय काय आणलं गेलंय हे त्याला दिसत नाही. त्याच्याकडे वेळ कमी असतो, किंवा विश्वासाचं माणूस कमी असतं. तिथे ते मोजा.

वर्णनाचंही तेच. गड्ड्याच्या जत्रेचं वर्णन सोलापुरातला प्रत्येक लिहिणारा एकदा तरी करतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावर अक्षता, होम मैदानावर पाळणे आणि दुकानं, दिव्यांचा झगमगाट. हे सगळं खरं आहे आणि कथेत त्याचा उपयोग शून्य, कारण हे कोण बघतंय ते ठरलेलं नाही. तीन मुलांना घेऊन आलेली आई आकाशपाळणा बघत नाही. ती तिकिटाच्या खिडकीवरची पाटी बघते, तीननं गुणते, आणि पाळणा मुलांच्या नजरेला पडू नये म्हणून त्यांना खेळण्यांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीतून नेते. धाकटा मान वळवतोच. मोठी मुलगी, वय वर्षं नऊ, तिला कळलंय आई आडवाटेनं का नेतेय. तीच धाकट्याला म्हणते, “त्या पाळण्यात लई उलट्या होतात बग.” त्याच मैदानावर पाळण्याच्या मालकाचा माणूस आभाळाकडे बघतो, कारण पाऊस शिंपडला तर आजचा धंदा बुडाला. आणि नंदीध्वज धरून चालून आलेला मानकरी काहीच बघत नाही, त्याचे खांदे भरून आलेत. मैदान एकच. लेखकानं आधी कुणाच्या डोळ्यांत जाऊन बसायचं ते ठरवलं की काय दिसतं ते आपोआप ठरतं, विशेषणं शोधत बसावी लागत नाहीत.

बोलण्याबद्दल पूर्वभागातल्या मुलांना फार भीती असते. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, मागावर दखनी उर्दू, शाळेत मराठी. ‘माझं मराठी शुद्ध नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. त्यांना मी कवी द. रा. बेंद्रे यांचं सांगते. मातृभाषा मराठी, लिहिलं कन्नडमध्ये, आणि 1944 ते 1956 या काळात ते इथेच, सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होते. पुढे 1973 साली त्यांना कन्नडसाठी ज्ञानपीठ मिळालं. घरातली भाषा एक आणि लिहायची दुसरी, याच्यात कमीपणा कुठला? उलट चार भाषा कानावर असलेल्या मुलाकडे असं हत्यार असतं जे एकाच भाषेत वाढलेल्याकडे नाही. मागावरचा कामगार मालकाकडे उचल मागायला जातो. नेहमी मालकाशी मराठीत बोलणारा, आज तेलुगूत सुरुवात करतो, कारण दोघं एकाच समाजाचे, एकाच गावाकडून आलेल्या घरांतले. मालक ऐकून घेतो आणि उत्तर मराठीत देतो. झालं, उचल मिळणार नाही. मालकानं ‘नाही’ अजून म्हटलेलंही नसतं. असा प्रसंग लिहायला मिळावा म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं, पण माझं घर मराठी. हे मला काउंटरवरून ऐकून शिकावं लागलं. तुमच्या स्वयंपाकघरात हे रोज घडतं. तेवढं मात्र सांभाळा की ‘काय करूलालास बे’ (काय करतोयस रे) हे फक्त गंमत आणायला वापरू नका. ‘बे’ कुणाला म्हणता येतं आणि कुणाला म्हणता येत नाही, यात अख्ख्या सोलापूरची उतरंड आहे.

जुन्या काळावर लिहायचं तर कष्ट दुप्पट. 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉवर आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांवर लिहावं असं इथल्या पुष्कळांना वाटतं, आणि वाटायलाच हवं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं घेतल्याशिवाय हे शहर कळत नाही. पण कथा भाषणात बुडते. माझं म्हणणं असतं, हुतात्म्यांच्या तोंडी तुमची वाक्यं घालू नका. त्यांचं बोलणं त्यांच्याजवळ राहू द्या. तुम्ही गिरणीतल्या एका कामगाराच्या घरात जा. शहर लष्कराच्या ताब्यात आहे. घरात ज्वारी किती दिवसांची आहे? गिरणी चालू आहे का, पगार होणार का, दूधवाला येतोय का, लहान मूल रात्री तापलं तर डॉक्टरकडे कोण जाणार आणि कोणत्या रस्त्यानं? हे शोधायला जुनी वर्तमानपत्रं चाळावी लागतात, म्हाताऱ्या माणसांजवळ बसावं लागतं. अशा ठिकाणी आळस करणाऱ्याची कथा मला वाचवत नाही.

अलीकडच्या काळातही पाय घसरतो. 2014 मधलं पात्र चहावाल्याकडे मोबाइलनं क्यूआर स्कॅन करून यूपीआयचे पैसे देतं, आणि यूपीआय सुरू झालं 2016 साली. पंचवीस पैशांचं नाणं 30 जून 2011 नंतर चलनात राहिलं नाही. दोन हजारांची नोट नोव्हेंबर 2016 मध्ये आली आणि मे 2023 मध्ये ती मागे घेत असल्याचं जाहीर झालं. म्हणजे एखाद्या आजीच्या डब्यात ती सापडली तर ती आजी नक्की कोणत्या वर्षांत जगतेय हे वाचकाला कळतं. मी एक भावाची वही ठेवते. त्यात कविता नाहीत, सुचलेली वाक्यं नाहीत. शेंगदाणे काय भाव, ज्वारी काय भाव, शेअर रिक्षाला किती, खोलीभाडं किती, सुती टॉवेलचा डझनाचा दर किती, तारीख घालून. दहा वर्षांनी ती वही कोणत्याही डायरीपेक्षा जास्त बोलते.

आणि पैसे कुठे ठेवलेत, हा प्रश्नाचा दुसरा भाग, तो तर प्रत्येक पिढीत नव्यानं विचारायला हवा. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतरच्या रांगा मला अजून दिसतात. कितीतरी बायका अशा नोटा घेऊन आल्या ज्यांचा घरात कुणाला पत्ता नव्हता. तांदळाच्या डब्यातल्या, उशीच्या अभ्र्यातल्या, देव्हाऱ्याच्या कागदाखालच्या. एकीच्या नोटांना हळदीचा वास येत होता. वर्षानुवर्षं दहा-वीस करत साठवलेलं, पाचशेच्या नोटांत बदलून ठेवलेलं, आणि आता ते नवऱ्याच्या खात्यात भरण्यावाचून इलाज नव्हता कारण तिचं स्वतःचं खातं नव्हतं. ती मला हळूच विचारत होती, “भरल्याचा कागद त्यांच्या हातात पडंल का?” आज मजुरी थेट खात्यात येते, पण मोबाइल नंबर मुलाचा असतो. पैसे आल्याचं तिला मुलगा सांगेल तेव्हा कळतं. लपवायची जागाच गेली. यावर कुणी अजून जीव ओतून कथा लिहिलेली मी वाचली नाही, आणि इथल्या कुणा मुलीनं ती लिहावी अशी माझी फार इच्छा आहे.

लिहून झालं की कथा कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवायची. साहित्यातल्या जाणकारांना नंतर. ज्या कामाबद्दल लिहिलंय ते काम करणाऱ्याला आधी. त्या मुलीनं आपली कथा आईला वाचून दाखवली. मराठी कथा, मध्ये मध्ये तेलुगूत समजावून. आई वळता वळता ऐकत होती. रात्री उशिरापर्यंत विड्या वळण्याचा प्रसंग आला तशी आईनं थांबवलं. “पान कधी भिजवलं तिनं?” मुलीनं लिहिलेलंच नव्हतं. आई म्हणाली, संध्याकाळी जास्तीचं पान आणलं तर ते लगेच कापता येत नाही, मुरावं लागतं. मग तोवर ती काय करत बसली? मुलीनं त्या रिकाम्या वेळात नवा प्रसंग घातला. आई पान मुरायची वाट बघत बसली आहे आणि मुलीच्या वहीवर कव्हर घालते आहे. तिला वाचता येत नाही, पण कॉलेजच्या पावतीवरचा आकडा वाचता येतो, आणि ती पावती वहीत आहे. सहाशे. सगळ्या कथेतला हा सर्वांत चांगला भाग झाला, आणि तो कुठल्याही कार्यशाळेत सुचला नसता.

मूळ शेवटात मुलगी मोठी अधिकारी होऊन आईला गाडीतून नेते, असं होतं. तो आम्ही काढला. मी तिला एवढंच म्हटलं, आईला आकडा कळला की पुढचं वाचकाकडे राहू दे. ती दोन दिवस माझ्यावर रागावली होती, कारण ती गाडी तिला खरोखर हवी आहे. आयुष्यात ती यावी. कथेत तिची गरज नव्हती.

दिवाळी अंकांची परंपरा 1909 साली ‘मनोरंजन’नं सुरू केली, तिचा फायदा आपल्या भाषेतल्या नव्या लेखकाला आजही मिळतो. दर वर्षी शेकडो पानं कथांसाठी मोकळी असतात. मात्र अंकाचं काम पावसाळ्यातच सुरू होतं. दिवाळीच्या तोंडावर पाठवलेली कथा पुढच्या वर्षावर जाते. म्हणजे लिहायचं ते भर उन्हाळ्यात. इथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी डोकं चालत नाही, तेव्हा पहाटेचे दोन तास धरायचे आणि दुपारी फक्त खाडाखोड करायची. त्या मुलीनं तसंच केलं आणि कथा जुलैत एका अंकाला पाठवली.

आता तिच्या डोक्यात दुसरी कथा आहे, विड्या तपासणाऱ्या माणसाची. पहिल्या कथेत तो दोन ओळींत येऊन गेला: खडूस, बंडलं उलटणारा, तोंडानं फाटका. या वेळी त्यालाच मधोमध बसवायचं म्हणते. मी विचारलं, त्याला पगार किती? विड्या जास्त पास केल्या तर त्याला कोण बोलतं? त्याच्या घरी कुणी विड्या वळतं का? तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. उद्या सकाळी आईबरोबर माल द्यायला ती स्वतः कारखान्यात जाणार आहे.